पहिला जगज्जेता फुटबॉल क्लब कोणता मानावा? प्रश्नमंजुषेच्या उत्तरसूचीसाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न : टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळातर्फे बेळगाव शहर आणि तालुक्यातील माध्यमिक शाळांसाठी क्रीडा प्रश्नमंजुषा घेतली जाते. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा तीत भाग घेतात, त्यामुळे प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापावी लागते आणि उत्तरसूची आधीच पक्की करून परीक्षकांकडून तपासून घ्यावी लागते. यंदा फुटबॉलचा विभाग माझ्याकडे आला आहे. कॅम्प आणि टिळकवाडी भागातील मुलांना युरोपातील क्लबांची खडान्‌खडा माहिती असते. तेव्हा विश्वचषकाचे नेहमीचे प्रश्न टाळून निरनिराळ्या खंडांच्या विजेत्या क्लबांमध्ये जी जागतिक स्पर्धा होते, तिच्यावर चार-पाच प्रश्न काढावेत असे मी ठरवले. पण पहिल्याच प्रश्नावरून आमच्या परीक्षकांत दोन तट पडले आहेत.

प्रश्न असा आहे : ‘फुटबॉलमधील पहिला जगज्जेता क्लब कोणता?’ एका परीक्षकांच्या मते 1960 साली उरुग्वेच्या पेन्यारोलला हरवणारा स्पेनचा रेआल माद्रिद हेच उत्तर आहे. दुसरे म्हणतात की त्या काळच्या स्पर्धेचा फिफाशी काही संबंध नव्हता, त्यामुळे 2000 साली ब्राझीलमध्ये झालेला फिफाचा पहिला क्लब विश्वचषक जिंकणारा तिथलाच कोरिंथियन्स हाच पहिला मानावा. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि दोघांचाही अभ्यास आहे, त्यामुळे मधल्यामध्ये माझी पंचाईत झाली आहे.

सध्याचा विजेता कोण, याबाबतही असाच घोळ आहे. 13 जुलै 2025 रोजी चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 असे हरवून क्लब विश्वचषक जिंकला. पुढे डिसेंबरात त्याच पॅरिसच्या संघाने कतारमध्ये ब्राझीलच्या फ्लेमेंगोला पेनल्टींवर हरवून फिफाचा नवा इंटरकॉन्टिनेंटल चषक उचलला. दोन्ही स्पर्धा फिफाच्याच आहेत. मग मुलांनी यांपैकी कोणतेही नाव लिहिले तर गुण द्यायचे की नाही?

शिवाय आपला एखादा भारतीय क्लब या स्पर्धेत कधी दिसेल का, असे मुले हमखास विचारतात. तेव्हा त्यांना थातूरमातूर सांगून वेळ मारून नेण्यापेक्षा नेमका मार्ग सांगता आला तर बरे. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : जुना कॅम्पवासी

टिळकवाडीकर सर, आपल्या दोन्ही परीक्षकांकडे आधार आहे. मात्र आपला प्रश्न ज्या शब्दांत विचारला आहे, त्या शब्दांना पहिल्या परीक्षकांचे उत्तर अधिक लागू पडते, असे माझे मत आहे.

1960 मध्ये सुरू झालेला इंटरकॉन्टिनेंटल चषक ही युरोपची संघटना युएफा आणि दक्षिण अमेरिकेची संघटना कॉन्मेबोल यांची स्पर्धा होती. युरोपियन चषकाचा (आजच्या चॅम्पियन्स लीगचा) विजेता आणि दक्षिण अमेरिकेतील कोपा लिबर्तादोरेसचा विजेता एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळत. पहिल्या वर्षी उरुग्वेतील मोंतेविदेओत 0-0 अशी बरोबरी झाली आणि माद्रिदमध्ये पुस्कास, दि स्तेफानो, हेन्तो यांच्या संघाने पेन्यारोलचा 5-1 असा फडशा पाडला. आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका यांच्या विजेत्यांना त्या स्पर्धेत जागाच नव्हती, त्यामुळे ‘जगज्जेता’ हे बिरुद दोनच खंडांत वाटले जात होते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि 27 ऑक्टोबर 2017 रोजी फिफाच्या परिषदेने 1960 ते 2004 या काळातील सर्व इंटरकॉन्टिनेंटल विजेत्यांना जगज्जेते म्हणून अधिकृत मान्यता दिली. मुलांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हा निर्णय झाला कोलकात्यात. सतरा वर्षांखालील विश्वचषक त्या वेळी भारतात चालू होता आणि परिषदेची बैठक तिथेच भरली होती. फिफाने या विजेत्यांना मान दिला, पण ही जुनी स्पर्धा आणि क्लब विश्वचषक यांची आकडेवारी एकत्र केली नाही. त्यामुळे ‘फिफाने मान्य केलेला पहिला जगज्जेता’ विचारले तर रेआल माद्रिद आणि ‘फिफाने भरवलेल्या स्पर्धेचा पहिला विजेता’ विचारले तर कोरिंथियन्स, अशी दोन वेगळी उत्तरे येतात.

या जुन्या स्पर्धेचा इतिहास मुलांना जरूर सांगावा, कारण ती पुढे एकाच सामन्यावर का आली आणि जपानला का गेली, याचे उत्तर त्यात आहे. 1967 मध्ये ग्लासगोचा सेल्टिक आणि अर्जेंटिनाचा रेसिंग क्लब समोरासमोर आले. ग्लासगोत सेल्टिक 1-0 असा जिंकला. अर्जेंटिनातील सामना सुरू होण्याआधीच प्रेक्षकांतून भिरकावलेली वस्तू सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या डोक्याला लागली आणि बदली गोलरक्षकाला उभे करावे लागले. तो सामना रेसिंगने 2-1 असा जिंकला. दोघांचा एकेक विजय झाल्यामुळे मोंतेविदेओत तिसरा सामना घेण्यात आला. तिथे फुटबॉल कमी आणि लाथाबुक्क्याच जास्त झाल्या. पंचांनी दोन्ही संघांचे मिळून सहा जण बाहेर काढले आणि त्यांतील एकाने तर जायलाच नकार दिला. कार्देनासच्या लांबून मारलेल्या एका गोलावर रेसिंग जगज्जेता झाला. दोनच वर्षांनी अर्जेंटिनाचाच एस्तुदियान्तेस आणि इटलीचा मिलान यांच्या सामन्यात मिलानच्या नेस्तोर कोंबिनचे तोंड रक्तबंबाळ झाले आणि एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगाची हवा खावी लागली.

परिणाम व्हायचा तोच झाला. युरोपचे विजेते दक्षिण अमेरिकेत जायलाच तयार होईनात. 1971 आणि 1973 मध्ये आयॅक्सने, 1974 मध्ये बायर्न म्युनिकने आणि 1977 मध्ये लिव्हरपूलने नकार दिला व त्यांच्या जागी उपविजेते खेळले. 1975 आणि 1978 मध्ये तर स्पर्धाच झाली नाही. या धांदलीतून एक मजेदार नोंद शिल्लक राहिली आहे : 1974 चा चषक अ‍ॅटलेटिको माद्रिदने जिंकला, म्हणजे युरोपचा विजेता कधीही न झालेला क्लब जगज्जेत्यांच्या यादीत बसला आहे. प्रश्नमंजुषेच्या शेवटच्या फेरीसाठी हा प्रश्न उत्तम ठरेल.

1980 च्या हंगामापासून जपानी मोटार कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली तोक्योत एकच सामना होऊ लागला, त्यामुळे परक्या मैदानाची भीती उरली नाही आणि पैसाही आला. झिकोच्या फ्लेमेंगोने लिव्हरपूलला 3-0 असे हरवले ते 1981 मध्ये, तिथेच. शेवटचा सामना 2004 मध्ये योकोहामात पोर्तुगालचा पोर्तो आणि कोलंबियाचा ओन्से काल्दास यांच्यात झाला आणि तो पोर्तोने पेनल्टींवर 8-7 असा जिंकला.

उत्तर : निपाणीकर

कॅम्पवासी काकांनी दिलेली माहिती अचूक आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. 2017 मध्ये एका बैठकीत कागदावर मान्यता दिल्याने 1960 चा दुरंगी सामना जागतिक होत नाही. जत्रेतल्या मैदानात पंच कमिटीने दोन नामांकित मल्लांची जोड लावली आणि एकाने दुसऱ्याला चितपट केले, तर आपण त्याला त्या मैदानाचा मानकरी म्हणतो. गादीवर एकेक फेरी पार करून मिळणारा किताब निराळाच. इंटरकॉन्टिनेंटल चषक ही लावलेली जोड होती, भले मल्ल दोन्हीही अव्वल असोत.

आता गंमत अशी की दुसऱ्या परीक्षकांचे उत्तरही वाटते तितके निर्मळ नाही. जानेवारी 2000 मधील स्पर्धेत आठ संघ होते : रेआल माद्रिद, मँचेस्टर युनायटेड, वास्को द गामा, कोरिंथियन्स, मेक्सिकोचा नेकाक्सा, सौदी अरेबियाचा अल नस्र, मोरोक्कोचा राजा कॅसाब्लांका आणि ऑस्ट्रेलियाचा साउथ मेलबर्न. यांपैकी कोरिंथियन्स दक्षिण अमेरिकेचा विजेता म्हणून आलाच नव्हता. तो यजमान देशाचा विजेता म्हणून खेळला. 1999 ची लिबर्तादोरेस जिंकणाऱ्या पाल्मेरासला मात्र बोलावलेच गेले नाही. अंतिम सामन्यात माराकानावर कोरिंथियन्स आणि वास्को यांच्यात 0-0 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर कोरिंथियन्स 4-3 असा जिंकला. या क्लबने लिबर्तादोरेस पहिल्यांदा जिंकली ती थेट 2012 मध्ये. म्हणजे ‘खंडीय विजेत्यांच्या स्पर्धेचा’ पहिला विजेता स्वतः खंडीय विजेता नव्हता. याच स्पर्धेसाठी मँचेस्टर युनायटेडने त्या वर्षी इंग्लंडच्या एफए चषकातून माघार घेतली होती, त्यावरून तिकडे किती गदारोळ झाला ते जुन्या वाचकांना आठवत असेल.

2001 साली स्पेनमध्ये व्हायची स्पर्धा फिफाच्या विपणन भागीदार कंपनीचे दिवाळे निघाल्याने रद्द झाली. 2005 पासून ती जपानमध्ये पुन्हा सुरू झाली आणि माझ्या मते 2005 ते 2023 हाच खंडीय विजेत्यांच्या स्पर्धेचा खरा काळ आहे. सहाही खंडांचे विजेते, पुढे त्यांच्या जोडीला यजमान देशाचा विजेता, आणि युरोप व दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांना थेट उपान्त्य फेरीत प्रवेश, अशी तिची रचना होती. या सवलतीमुळे अंतिम सामना ठरलेल्या दोघांतच होणार असे सगळे गृहीत धरत असत. 2010 मध्ये काँगोच्या टीपी मझेंबेने ब्राझीलच्या इंटरनॅसिओनालला 2-0 असे घरी पाठवले तेव्हा तो समज मोडला. त्यांचा गोलरक्षक किदियाबा गोल झाल्यावर दोन्ही पाय पुढे ताणून, बसल्या बसल्या गवतावर उड्या मारत जायचा. ते दृश्य आमच्या निपाणीत तेव्हा मैदानावरच्या प्रत्येक पोराने करून पाहिले होते आणि चड्ड्या मळवल्याबद्दल घरी बोलणीही खाल्ली होती. अंतिम सामन्यात मझेंबे इंटर मिलानकडून 0-3 असा हरला. त्यानंतर राजा कॅसाब्लांका 2013 मध्ये, काशिमा अँटलर्स 2016 मध्ये, अल ऐन 2018 मध्ये आणि अल हिलाल 2022 च्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. काशिमाने तर शिबासाकीच्या दोन गोलांच्या जोरावर रेआल माद्रिदला जादा वेळेत खेचले होते. तिथे रोनाल्डोने हॅट्‌ट्रिक पूर्ण केली म्हणून माद्रिदची अब्रू वाचली.

आकडे एकदा ताडून पाहावेत. 1960 ते 2004 या काळात झालेल्या 43 इंटरकॉन्टिनेंटल स्पर्धांपैकी 22 दक्षिण अमेरिकेने आणि 21 युरोपने जिंकल्या. 2000 ते 2023 या काळातील 20 क्लब विश्वचषकांपैकी मात्र 16 युरोपने नेले आणि दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला चारच आले. यामागचे सर्वांत मोठे कारण डिसेंबर 1995 मधील बोस्मन निकाल हे आहे. युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला मोकळे केले आणि युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंवरची ‘परदेशी’ म्हणून असलेली मर्यादा उठवली. त्यामुळे परदेशी खेळाडूंसाठी राखलेल्या जागा ब्राझील-अर्जेंटिनाच्या पोरांसाठी रिकाम्या झाल्या आणि पैसेवाल्या क्लबांनी त्यांना कोवळ्या वयातच उचलायला सुरुवात केली. 1995 पर्यंतच्या इंटरकॉन्टिनेंटल स्पर्धांचा हिशेब 20 विरुद्ध 14 असा दक्षिण अमेरिकेच्या बाजूने होता, हे लक्षात घेतले की या निकालाचे वजन कळते. 2012 मध्ये गेरेरोच्या गोलवर कोरिंथियन्सने चेल्सीला 1-0 असे हरवले, त्यानंतर युरोपबाहेरच्या एकाही क्लबला क्लब विश्वचषक जिंकता आलेला नाही.

म्हणून माझा आग्रह असा की ‘जगज्जेता’ हा शब्द प्रश्नातून काढून टाकावा आणि स्पर्धेचे पूर्ण नाव व साल घालून प्रश्न विचारावा. नाही तर बक्षीस समारंभाच्या वेळी एखादा पालक भ्रमणध्वनी उघडून व्यासपीठावर येईल.

उत्तर : खानापूरची वाचक

भारतीय क्लबांच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून लिहिते.

क्लब विश्वचषकात आजवर एकही भारतीय क्लब खेळलेला नाही, कारण तिथे पोहोचण्याचा आशियातील मार्ग आशियाई विजेतेपदावरून जातो आणि ते आपल्या आवाक्यात कधी आले नाही. आशियाई संघटनेने 2024-25 पासून स्पर्धांची तीन थरांत मांडणी केली : सर्वांत वर चॅम्पियन्स लीग एलीट, तिच्याखाली चॅम्पियन्स लीग टू आणि सर्वांत खाली चॅलेंज लीग. जागतिक स्पर्धेचे दार एलीटमधून उघडते. आपल्या क्लबांना मात्र दुसऱ्या थरात जागा मिळाली. जुन्या रचनेत एफसी गोवा हा 2021 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि 2022 मध्ये मुंबई सिटीने इराकच्या हवाई दलाच्या क्लबला 2-1 असे हरवून त्या गटातला भारताचा पहिला विजय मिळवला. बेंगळुरू एफसी 2016 मध्ये एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि त्याच इराकी क्लबकडून 0-1 असा हरला. पण ती स्पर्धा तेव्हाही खालच्या दर्जाचीच होती.

आपल्या भागातील मुलांना हा विषय जवळचा वाटावा असे वाटत असेल, तर मडगावच्या फातोर्डा मैदानावरील सामन्याचा प्रश्न जरूर घालावा. ऑगस्ट 2025 मध्ये एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला हरवून चॅम्पियन्स लीग टूमध्ये प्रवेश मिळवला आणि 22 ऑक्टोबर 2025 रोजी अल नस्र मडगावला आला. निपाणीकरांनी वर ज्या आठ संघांची यादी दिली आहे, त्यांतलाच हा अल नस्र. लोंढ्याहून रेल्वेने किंवा अनमोडच्या घाटातून उतरले की मडगाव आम्हांला बेंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ पडते. अल नस्रचा रोनाल्डो आलाच नाही, त्यामुळे नुसत्या त्याच्या नावावर तिकिटे काढणाऱ्यांचा विरस झाला, पण ज्यांना फुटबॉल पाहायचा होता त्यांना चांगला सामना मिळाला. अल नस्र 2-1 असा जिंकला आणि गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसने केला. परकीय खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या क्लबविरुद्ध एका गोलाने हरणे मला तरी लाजिरवाणे वाटत नाही.

एक जुनी गोष्ट मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. 1969 मध्ये बँकॉकला आशियाई विजेत्या क्लबांची जी स्पर्धा झाली, तीत भारतातर्फे म्हैसूर राज्याचा संघ उतरला होता आणि तो चौथा आला. 1967-68 आणि 1968-69 असे लागोपाठ दोनदा संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकलेला हा संघ. त्या काळात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यातच होता, आपल्याला ते मान्य असो वा नसो. तेव्हा प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापणार असाल तर हा प्रश्न दोन्हीकडच्या मुलांना सारखाच आपला वाटेल. आशियाच्या विजेत्याला तेव्हा इंटरकॉन्टिनेंटल चषकात प्रवेश नव्हता, त्यामुळे पहिला येऊनही पुढे जाता आले नसते, ही बाब वेगळी.

कॅम्पवासी काकांनी युरोपच्या क्लबांनी प्रवासाला दिलेल्या नकारांबद्दल लिहिले आहे, ते वाचून मोहन बागानची आठवण झाली. 2024 मध्ये हा क्लब इराणमधील तब्रीझला ट्रॅक्टर संघाविरुद्ध खेळायला गेला नाही, तेव्हा आशियाई संघटनेने त्याने स्पर्धा सोडल्याचे ठरवले. पुढच्या हंगामात सेपाहानविरुद्धही तो इराणला गेला नाही. त्यांची कारणे सुरक्षेची होती आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण ज्या देशाला आशियात मोजक्याच जागा मिळतात, त्या देशाच्या विजेत्याने त्या अशा सोडल्या तर खालच्या थरातून वर चढणे आणखी लांबते, एवढे मात्र खरे.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रश्नाचे दोन प्रश्न करण्याचे ठरवले आहे आणि दोन्ही परीक्षकांनी त्याला होकार दिला आहे. म्हैसूर राज्याचा प्रश्न दोघांनाही फार आवडला.

आता 2025 च्या स्पर्धेविषयी थोडे स्पष्टीकरण हवे आहे. लिव्हरपूल आणि बार्सिलोना नसताना साल्झबर्ग आणि ऑकलंड सिटी कसे काय खेळले, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. आणि चेल्सीने 2025 मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकलेली नसताना तो या स्पर्धेत कोणत्या नात्याने आला, हेही कोणी नीट सांगावे.

उत्तर : निपाणीकर

2025 पासून क्लब विश्वचषक दर चार वर्षांनी आणि 32 संघांचा झाला आहे. युरोपला 12 जागा, दक्षिण अमेरिकेला 6, आशिया, आफ्रिका आणि उत्तर-मध्य अमेरिका यांना प्रत्येकी 4, ओशिआनियाला 1 आणि यजमान देशाला 1, अशी वाटणी होती. 2021 ते 2024 या चार वर्षांतील खंडीय विजेत्यांना आधी प्रवेश मिळाला आणि उरलेल्या जागा त्याच चार वर्षांतील कामगिरीच्या क्रमवारीने भरल्या गेल्या. चेल्सी आला तो 2021 चा युरोपविजेता म्हणून. एका देशातून दोनच क्लब, हा नियम होता. मात्र खंडीय विजेते दोनांहून अधिक असतील तर त्यांना तो लागू नव्हता. इंग्लंडच्या दोन्ही जागा चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या विजेत्यांनी घेतल्यामुळे लिव्हरपूलला दार बंद झाले. स्पेनमधून रेआल माद्रिद विजेता म्हणून आणि अ‍ॅटलेटिको क्रमवारीवर आल्याने बार्सिलोना बाहेर राहिला. उलट ब्राझीलचे पाल्मेरास, फ्लेमेंगो, फ्लुमिनेन्से आणि बोताफोगो हे चौघेही लिबर्तादोरेस विजेते असल्याने एकाच देशाचे चार क्लब खेळले.

आणि ते नुसते हजेरी लावायला आले नव्हते. बोताफोगोने नुकत्याच युरोपविजेत्या झालेल्या पॅरिसला 1-0 असे हरवले, फ्लेमेंगोने चेल्सीला 3-1 असा दणका दिला, फ्लुमिनेन्से इंटर मिलानला 2-0 असे हरवून उपान्त्य फेरीपर्यंत गेला. आशियाच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला जादा वेळेत 4-3 असे बाद केले. ऑकलंड सिटी हा हौशी खेळाडूंचा क्लब. बायर्नकडून त्याने 0-10 असा मार खाल्ला, पण शेवटच्या साखळी सामन्यात बोका ज्युनिअर्सला 1-1 असे रोखले आणि तो गोल हेडरने करणारा ख्रिश्चन ग्रे शिक्षकी पेशातला आहे. आपल्या प्रश्नमंजुषेला शिक्षक मंडळी बरीच असतात, त्यांच्यासमोर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माझी नाराजी या स्पर्धेच्या आकाराविषयी आहे. बक्षिसाची एकूण रक्कम 100 कोटी डॉलर ठेवली, 63 सामने भरवले, ऐन उन्हाळ्यात अमेरिकेत दुपारी खेळवले, आणि खंडीय विजेता ही मूळ अट मात्र पातळ केली. 32 मधले कितीतरी क्लब क्रमवारीच्या जोरावर आले. ज्यांना ‘विजेत्यांविरुद्ध विजेते’ हा जुना बाणा हवा आहे, त्यांच्यासाठी 2024 पासून दरवर्षी होणारा फिफाचा नवा इंटरकॉन्टिनेंटल चषक आहे. पण त्यातही युरोपचा विजेता थेट अंतिम सामन्यात बसतो आणि बाकीच्यांनी आपसांत लढून त्याच्यापर्यंत पोहोचायचे. पहिल्याच वर्षी बोताफोगोने 30 नोव्हेंबरला लिबर्तादोरेस जिंकली, 8 डिसेंबरला ब्राझीलची लीग जिंकली आणि 11 डिसेंबरला दोहात मेक्सिकोच्या पाचुकाकडून तो 0-3 असा हरला. थकलेल्या पायांनी अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या संघाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पुढे पाचुकाने पेनल्टींवर इजिप्तच्या अल अहलीला हरवले आणि ताज्या दमाच्या रेआल माद्रिदने अंतिम सामन्यात त्यालाही 3-0 असे नमवले.

टिळकवाडीकर

म्हणजे ‘सध्याचा विजेता’ या प्रश्नातही स्पर्धेचे नाव घालणे भाग आहे. चेल्सी आणि पॅरिस असे दोन वेगळे प्रश्न करतो. एक शेवटची शंका : ‘2025 मध्ये यजमान देशाच्या जागेवर कोणता क्लब खेळला?’ हा प्रश्न सोपा म्हणून पहिल्या फेरीत घेऊ का? मेस्सीमुळे मुलांना उत्तर येईलच.

उत्तर : जुना कॅम्पवासी

इंटर मायामी हे उत्तर बरोबर आहे, प्रश्न घ्यायला हरकत नाही. फक्त त्यात ‘अमेरिकेचा विजेता’ असे शब्द येऊ देऊ नयेत. अमेरिकेतील लीगमध्ये साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला सपोर्टर्स शील्ड मिळते आणि विजेतेपद त्यानंतरच्या बाद फेरीतून ठरते. 2024 मध्ये शील्ड इंटर मायामीने जिंकली आणि फिफाने बाद फेरी पूर्ण होण्याआधीच त्याला जागा देऊन टाकली. पुढे मायामी पहिल्याच फेरीत गारद झाला आणि लीगचे विजेतेपद लॉस एंजेलिस गॅलक्सीने मिळवले, ज्याला क्लब विश्वचषकात जागाच मिळाली नाही. ज्या लॉस एंजेलिस एफसीचे नाव यादीत दिसते तो दुसराच क्लब आहे. पाचुका आणि लेऑन या मेक्सिकोच्या दोन क्लबांची मालकी एकच असल्याने लेऑनला वगळण्यात आले, तेव्हा क्लब अमेरिकाविरुद्धचा निर्णायक सामना 2-1 असा जिंकून लॉस एंजेलिस एफसी आत आला. लॉस एंजेलिसच्या या दोन क्लबांच्या नावांत मुले हमखास गोंधळतील, म्हणून प्रश्नात शहराऐवजी क्लबचे पूर्ण नाव लिहायला सांगावे आणि कन्नड प्रतीतही तीच सूचना छापून घ्यावी.